शिक्षा किती, कर किती: सॅन फ्रान्सिस्कोचे मतदार आणि एकच तिजोरी

[दृश्य: टपालपेटीतून बाहेर येणाऱ्या दोन जाड पुस्तिका. स्वयंपाकघरातलं टेबल, चहाचा कप, पेन.]

निवडणूक जवळ आली की सॅन फ्रान्सिस्कोतल्या मतदाराच्या घरी टपालाने पुस्तिका येतात. एक कॅलिफोर्निया राज्याची, एक शहराची. नोव्हेंबर 2024 मध्ये या मतदाराला देशाचा अध्यक्ष आणि शहराचा महापौर तर निवडायचा होताच, शिवाय राज्याच्या 10 आणि शहराच्या 15 प्रस्तावांवर हो की नाही, हेही सांगायचं होतं. दुकानातून तिसऱ्यांदा चोरी करणाऱ्याला तुरुंगात किती काळ ठेवायचं, हा त्यातला एक प्रश्न. शहरात धंदा करणाऱ्या कंपन्यांकडून किती कर घ्यायचा, हा दुसरा.

आपल्याकडे हे दोन्ही निर्णय आमदार-खासदार घेतात. शिक्षा कायद्याच्या पुस्तकात, कर अर्थसंकल्पात. आवडलं नाही तर मोर्चा, बंद, निवेदन. इथे मात्र भाजीवाला, बसचालक, निवृत्त शिक्षिका, सॉफ्टवेअर इंजिनियर असे सगळे पेन घेऊन बसतात आणि कायदा थेट पास करतात.

शहराची पुस्तिका मुळातून वाचण्यासारखी असते. प्रत्येक प्रस्तावाचा सोपा गोषवारा लिहायला शहराने एक समिती नेमली आहे. आठवीतल्या मुलाला समजेल अशी भाषा ठेवायची, ही तिची जबाबदारी. पुस्तिका इंग्रजीशिवाय चिनी, स्पॅनिश आणि फिलिपिनो भाषांतही मिळते. आणि प्रत्येक प्रस्तावाच्या पुढच्या पानांवर लोकांची मतं असतात. कोणीही मतदार किंवा संघटना बाजूने किंवा विरोधात मत छापून आणू शकते. 2024 मध्ये दर होता 200 डॉलर आणि वर प्रत्येक शब्दाला 2 डॉलर. पैसे नसतील तर त्याऐवजी मतदारांच्या सह्या आणायच्या. एका पानावर व्यापारी संघटना, समोरच्या पानावर बेघरांसाठी काम करणारे कार्यकर्ते, खाली भाडेकरूंची संघटना. स्थानिक जनमत म्हणजे काय, हे इतकं समोरासमोर छापलेलं फार कमी ठिकाणी पाहायला मिळतं.

ही पानं ओळीने काही वर्षांची वाचत गेलं की एक गोष्ट खटकत राहते. शिक्षेवरची मतं वेगळी, करावरची मतं वेगळी. दोन्हींवर लोक तळमळून लिहितात. पण शिक्षेच्या निर्णयाचा खर्च कुठून येणार, हा प्रश्न दोन्हीकडच्या पानांवर क्वचितच दिसतो.

[दृश्य: 1990 च्या दशकातली वर्तमानपत्रं, तुरुंगातल्या तीन मजली खाटा.]

शिक्षेची गोष्ट 1993 पासून सुरू करू. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पेटालुमा नावाचं गाव आहे. तिथे एका 12 वर्षांच्या मुलीला तिच्या घरातून पळवून नेलं आणि तिचा खून केला. पकडलेला माणूस आधीच तुरुंगात जाऊन आलेला होता. राज्यभर संताप उसळला आणि 1994 मध्ये 'थ्री स्ट्राइक्स' कायदा आला. आधी दोन गंभीर गुन्हे सिद्ध झालेले असतील, तर तिसऱ्या वेळी 25 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. तिसरा गुन्हा हिंसक असलाच पाहिजे, असं बंधन नव्हतं. ज्या मुलीच्या नावाने हा कायदा पुढे रेटला गेला, तिच्या वडिलांनी आणि आजोबांनीच पुढे या सरसकटपणाला विरोध केला. ज्यांचं सर्वांत जास्त गेलं, त्यांना हातचं राखून शिक्षा हवी होती. हे सांगावंसं वाटतं, कारण पीडितांच्या नावाने बोलणारे पुष्कळ असतात, त्यांचं ऐकणारे कमी.

या कायद्याखाली काय घडलं, त्याचं एक उदाहरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका माणसाने लॉस एंजेलिसजवळच्या दुकानातून गोल्फचे तीन क्लब चोरले. प्रत्येकाची किंमत 399 डॉलर. आधीचे गुन्हे जमेस धरून शिक्षा झाली 25 वर्षं ते जन्मठेप. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती कायम ठेवली.

तुरुंग भरत गेले. सुमारे 80,000 कैद्यांसाठी बांधलेल्या राज्याच्या तुरुंगांत त्याच्या जवळपास दुप्पट माणसं कोंबलेली होती. व्यायामशाळेत खाटा लावल्या होत्या, आजारी कैद्यांना वेळेवर डॉक्टर मिळत नव्हता. मे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही क्रूर वागणूक आहे, संख्या क्षमतेच्या 137.5 टक्क्यांपर्यंत खाली आणा. म्हणजे तरीही क्षमतेपेक्षा जास्तच.

मग मतदारांचा सूर बदलला. 2012 मध्ये 'प्रस्ताव 36' आला आणि थ्री स्ट्राइक्सची धार बोथट झाली. तिसरा गुन्हा गंभीर किंवा हिंसक असेल तरच जन्मठेप, असं ठरलं. 2014 मध्ये 'प्रस्ताव 47' आला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक होते जॉर्ज गॅस्कॉन, त्या वेळचे सॅन फ्रान्सिस्कोचे डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले मुख्य सरकारी वकील. दुसरे सॅन दिएगोचे माजी पोलीस प्रमुख. या प्रस्तावाने 950 डॉलरपर्यंतची दुकानचोरी आणि स्वतःच्या वापरापुरते अमली पदार्थ जवळ बाळगणं, हे किरकोळ गुन्हे ठरवले. दुकानचोरीला जास्तीत जास्त सहा महिने, तेही स्थानिक कोठडीत.

950 हा आकडा पुढे बदनाम झाला. 'कॅलिफोर्नियात 950 डॉलरपर्यंत चोरी माफ आहे' असे व्हिडिओ आपल्याही फोनवर आले असतील. ते खोटं आहे. चोरी हा गुन्हा होता आणि आहे. आणि 950 ची मर्यादासुद्धा या प्रस्तावाने शोधून काढली नव्हती. मोठ्या चोरीची व्याख्या 400 डॉलरवरून 950 वर विधिमंडळानेच नेली होती, प्रस्तावाच्या चार वर्षं आधी. चोरीच्या बाबतीत प्रस्तावाने बदललं ते मुख्यतः हे की पुन्हा पुन्हा छोटी चोरी करणाऱ्यावर गंभीर गुन्हा लावायची वाट जवळपास बंद झाली. दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर हा बदल लहान नाही. तोच माणूस चौथ्यांदा आला, पोलिसांना फोन केला, नोंद झाली, तो सुटला, पाचव्यांदा आला. त्या दुकानदाराला आकडेवारी दाखवून शांत करता येत नाही, आणि तसा प्रयत्न करूही नये.

मात्र प्रस्ताव 47 मध्ये एक चांगली गोष्ट होती. तुरुंगाचा जो खर्च वाचेल, तो बाजूला काढायचा आणि मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती, शाळा आणि गुन्ह्यांतले पीडित यांच्यावर खर्च करायचा, असं कायद्यातच लिहिलं होतं. शिक्षा कमी करतानाच पैशाची वाट दाखवलेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

[दृश्य: मार्केट स्ट्रीट. जुन्या ट्राम, बंद शटर, फुटपाथवर तंबू, वर काचेच्या इमारती.]

आता मार्केट स्ट्रीटवर येऊ. शहराच्या मधोमध तिरका जाणारा हा रस्ता. त्याच्या मधल्या भागाला मिड-मार्केट म्हणतात आणि उत्तरेला लागून टेंडरलॉइन ही गरिबांची, स्थलांतरितांची, एका खोलीत राहणाऱ्यांची वस्ती. करांची गोष्ट या रस्त्यावरून जाते.

शहरांनी धंद्यावरच कर का लावायचा, याचं उत्तर राज्याच्या कायद्यात आहे. कॅलिफोर्नियात शहराला उत्पन्नावर कर लावता येत नाही. मालमत्ता करावर 1978 च्या 'प्रस्ताव 13' ने कुलूप घातलं: दर साधारण एक टक्का, आणि मालमत्तेचं करयोग्य मूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. मग हाताशी उरतो तो मुख्यतः धंद्यावरचा कर. सॅन फ्रान्सिस्को अनेक वर्षं कंपन्यांच्या पगारखर्चावर दीड टक्का कर घेत असे. जितकी माणसं कामाला ठेवाल तितका कर जास्त.

2011 मध्ये ट्विटर शहर सोडून जायच्या बेतात होती. शहराने मिड-मार्केट आणि टेंडरलॉइनच्या काही भागात येणाऱ्या कंपन्यांना पगारकरात सहा वर्षांची सूट दिली. ट्विटर 2012 मध्ये मार्केट स्ट्रीटवरच्या जुन्या फर्निचर बाजाराच्या इमारतीत आली. मागोमाग आणखी कंपन्या आल्या, घरभाडी चढली. मतं तेव्हाच दुभंगली. कोणी म्हणे, ओसाड रस्त्यावर दिवे लागले. कोणी म्हणे, श्रीमंतांना सूट आणि आम्हाला भाडेवाढ. दोन्ही खरं होतं. 2012 मध्येच मतदारांनी पगारकर हळूहळू बंद करून उलाढालीवर कर लावायचं ठरवलं.

उलाढालीवर, नफ्यावर नव्हे. हा फरक मराठी व्यापाऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. जकात असो की एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, माल शहराच्या हद्दीत आला की कर लागत असे, मग त्या मालावर चार पैसे सुटोत वा न सुटोत. 2013 मध्ये पुण्यापासून नागपूरपर्यंत बाजारपेठा बंद राहिल्या त्या या करामुळे, त्याच्या कागदपत्रांमुळे आणि दुकानात येऊन वह्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या धास्तीमुळे. शेवटी 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला. निर्णय मंत्रालयात झाला. व्यापारी रस्त्यावर उतरले म्हणून झाला, पण मत कोणी टाकलं नाही. आणि ज्या नागरिकाच्या गल्लीतला दिवा त्या पैशावर लागत होता, त्याला तर कोणी काही विचारलंच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत 2018 मध्ये विचारलं गेलं. 'प्रस्ताव सी': ज्या कंपनीची शहरातली उलाढाल वर्षाला 5 कोटी डॉलरच्या वर आहे, तिच्याकडून वरच्या रकमेवर जादा कर घ्यायचा. अंदाज वर्षाला 25 ते 30 कोटी डॉलरचा. पैसा फक्त बेघरांसाठी. निम्मा तरी कायमच्या घरांवर, किमान चतुर्थांश मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीवर, उरलेला निवाऱ्यांवर आणि लोक बेघर होऊ नयेत यासाठी.

शहरातले धनाढ्यच आपसात भिडले. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख मार्क बेनिऑफ बाजूने, ट्विटर आणि स्क्वेअरचे जॅक डॉर्सी विरोधात, आणि वाद चालला तो ट्विटरवरच. डॉर्सी यांचं एक म्हणणं होतं, ते झटकून टाकण्यासारखं नव्हतं. स्क्वेअर लोकांचे कार्डचे पैसे इकडून तिकडे पोचवते, तिची गणना वित्तीय सेवांमध्ये होते, म्हणून तिच्यावरचा बोजा तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या कंपनीपेक्षा जास्त पडतो. उलाढालीच्या कराचं हे जुनं दुखणं आहे. महापौर लंडन ब्रीडही विरोधात होत्या. तरी सुमारे 61 टक्के मतदारांनी हो म्हटलं. मग खटला: विशिष्ट कामासाठीच्या कराला दोन-तृतीयांश मतं लागतात, 61 टक्के पुरत नाहीत. न्यायालयाने निकाल दिला की नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या प्रस्तावाला साधं बहुमत पुरतं. 2020 पर्यंत पैसा अडकून पडला होता, तो मोकळा झाला.

[दृश्य: महासाथीतला रिकामा मार्केट स्ट्रीट. औषधांच्या दुकानात कुलूपबंद काचेमागे टूथपेस्ट.]

नेमका त्याच वर्षी रस्ता रिकामा झाला. आणि इथे कराच्या यंत्रणेतली एक मेख उघडी पडली. अनेक उद्योगांच्या बाबतीत शहरातली उलाढाल मोजताना कर्मचारी कुठे बसून काम करतात, हे पाहिलं जात असे. इंजिनियर फ्रीमाँटमधल्या किंवा सनीवेलमधल्या घरून काम करू लागला की तेवढा हिस्सा सॅन फ्रान्सिस्कोच्या हातून निसटला. या दोन्ही गावांत मराठी घरं भरपूर आहेत. गणपती, दिवाळी फराळ, मराठी शाळा, सगळं आहे. तिथल्या मराठी माणसाने सकाळची गाडी पकडणं सोडलं आणि लॅपटॉप घरच्या टेबलावर उघडला, याचा परिणाम पन्नास-साठ किलोमीटर दूरच्या निवाऱ्याच्या अंदाजपत्रकावर होत होता. त्याला ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

त्याच काळात फेंटानिल हा अतिशय तीव्र, जीवघेणा अमली पदार्थ शहरात पसरला. 2023 या एका वर्षात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने सॅन फ्रान्सिस्कोत 800 हून अधिक माणसं मेली. अंगावर काटा येतो. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्तीचं हे शहर, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम महानगरपालिकेएवढं. टेंडरलॉइनमधली आई मुलाला शाळेत नेताना फुटपाथवर पडलेल्या माणसांना वळसा घालून जाते, तेव्हा तिचं शिक्षेविषयीचं मत कठोर होणारच. तिला मागासलेली म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तो संताप आधी एका व्यक्तीवर निघाला होता. चेसा बुडिन 2019 मध्ये डिस्ट्रिक्ट अटर्नी म्हणून निवडून आले. ते तान्हे असताना त्यांचे आई-वडील दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात तुरुंगात गेले होते. मुलगा तुरुंगाच्या भेटखोलीतून आई-बापाला ओळखत मोठा झाला. जामिनासाठी पैसे मागणं त्यांच्या कार्यालयाने थांबवलं. जून 2022 मध्ये मतदारांनी त्यांना मुदतीआधीच घरी पाठवलं, सुमारे 55 टक्के मतांनी. चिनी आणि इतर आशियाई वस्त्यांमधली नाराजी मोठी होती. वृद्धांवर रस्त्यात हल्ले झाले होते आणि आपलं कोणी ऐकत नाही, अशी भावना तिथे खोल गेली होती.

चोरी किती आणि ओरड किती, यावरही खूप भांडण झालं. वॉलग्रीन्स या औषधांच्या साखळीने 2021 मध्ये शहरातली पाच दुकानं बंद करताना टोळ्यांच्या चोरीकडे बोट दाखवलं. जानेवारी 2023 मध्ये त्याच कंपनीच्या वित्तप्रमुखांनी मान्य केलं की आम्ही कदाचित जरा जास्तच रडलो. तोवर पाच वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना औषधासाठी लांब जावं लागत होतं.

[दृश्य: नोव्हेंबर 2024. मतदान केंद्र, मतपेटीत पडणारे लिफाफे.]

नोव्हेंबर 2024. राज्याच्या मतपत्रिकेवर पुन्हा 'प्रस्ताव 36'. क्रमांक तोच, दिशा उलटी. चोरीसाठी आधी दोनदा दोषी ठरलेल्याने तिसऱ्यांदा चोरी केली, तर रक्कम कितीही असो, गंभीर गुन्हा लावता येईल आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकेल. अमली पदार्थांच्या बाबतीतही तिसऱ्या वेळी नवा पर्याय: उपचार पूर्ण केले तर खटला रद्द, नाहीतर तुरुंग. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम विरोधात, महापौर ब्रीड बाजूने. 2012 चा सौम्य प्रस्ताव 36 दोन-तृतीयांशाहून अधिक मतांनी जिंकला होता. 2024 चा कठोर प्रस्ताव 36 सुद्धा दोन-तृतीयांशाहून अधिक मतांनी जिंकला. सॅन फ्रान्सिस्कोनेही हो म्हटलं. मतदार बारा वर्षांत क्रूर झाले, असं मी म्हणणार नाही. दोन्ही वेळा त्यांनी डोळ्यांसमोर जे दिसत होतं त्यावर मत दिलं. 2012 मध्ये दिसत होते कोंबलेले तुरुंग, 2024 मध्ये कुलूपबंद टूथपेस्ट.

त्याच दिवशी शहराच्या पुस्तिकेत 'प्रस्ताव एम' होता. लहान धंद्यांना करमाफीची मर्यादा 22.5 लाख डॉलरच्या आसपास होती, ती 50 लाखांवर गेली. उपाहारगृहांच्या परवान्यांची अनेक शुल्कं गेली. कर मोजताना कर्मचारी कुठे बसतात याचं वजन कमी झालं आणि विक्री कुठे होते याचं वाढलं. मूठभर बड्या कंपन्यांवर शहराची सगळी भिस्त होती, ती कमी करायची हा हेतू. तोही मोठ्या बहुमताने मंजूर झाला. शेजारीच 'प्रस्ताव एल' होता, उबर-लिफ्टसारख्या टॅक्सी कंपन्यांवर कर लावून सार्वजनिक बससेवेला पैसा देण्याचा. त्यालाही निम्म्याहून अधिक मतं पडली, पण एममध्ये अट होती की दोन्ही जिंकले तर जास्त मतांचा टिकेल. एल जिंकूनही हरला. बससेवेच्या पैशाचं असं व्हावं, हे मला आजही पटत नाही.

या सगळ्यात आपला मराठी माणूस कुठे? शहरात राहणारा, एच-वन-बी व्हिसावर काम करणारा इंजिनियर कर भरतो, त्याच रस्त्यावरून चालतो, त्याच दुकानात कुलूप उघडायला माणसाला हाक मारतो. नागरिकत्व नसल्याने या प्रस्तावांवर त्याला मत नाही. एक अपवाद आहे: 2016 मध्ये मतदारांनी ठरवलं की मूल शहरात वाढत असेल तर नागरिक नसलेल्या पालकालाही शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत देता येईल. नोंदणी करावी लागते. आपल्यातल्या ज्यांना हे लागू आहे, त्यांनी ती जरूर करावी.

[दृश्य: शहर सभागृहाचा घुमट. न्यायालयाची पायरी. उपचार केंद्राच्या प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या.]

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या गोष्टीकडे. प्रस्ताव 47 ने वाचलेला पैसा उपचारांकडे वळवला होता. 2024 च्या प्रस्ताव 36 ने तुरुंग टाळायला उपचारांची अट घातली, पण त्यासाठी नवा पैसा ठेवला नाही. उलट तुरुंगात जास्त माणसं गेली की 47 मधून होणारी बचतही आटते. राज्याच्या पुस्तिकेत विधिमंडळाच्या अर्थविश्लेषकांनी खर्चाचा अंदाज छापला होता: राज्याला वर्षाला काही कोटींपासून काही दहा कोटी डॉलरपर्यंत, स्थानिक शासनांना वेगळा.  राज्याने नंतर काही रक्कम दिली, ती सलग तरतूद नव्हे.

आणि सॅन फ्रान्सिस्कोत शहर आणि काउंटी एकच आहे. बाकी ठिकाणी कोठडी आणि आरोग्यसेवा काउंटीकडे, रस्ते आणि पोलीस शहराकडे, असा खर्च वाटला जातो. इथे पोलीस, कोठडी, सरकारी वकील, आरोपीचा वकील, उपचाराची खाट, निवारा, सगळ्यांचा धनी एकच. न्यायाधीशाने एखाद्याला तुरुंगाऐवजी उपचार सांगितले, तर ती खाट ज्या पैशावर उभी राहते त्यात 2018 च्या प्रस्ताव सीचा पैसाही आहे, म्हणजे बड्या कंपन्यांच्या उलाढालीवरचा कर. ती उलाढाल घसरली की खाटा घटणार, आणि खाट नसेल तर त्या माणसासाठी रांग, कोठडी किंवा पुन्हा फुटपाथ.

शिक्षेच्या प्रत्येक प्रस्तावाखाली तिचा खर्च कोणत्या करातून येणार, हे मतपत्रिकेवरच छापलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. राज्याच्या पुस्तिकेत अंदाज असतो, कर कुठला ते नसतं. शब्दागणिक पैसे मोजून शहराच्या पुस्तिकेत लोक आपलं मत छापतात, तिथे तरी कोणी हे विचारायला सुरुवात करू शकेल. टेंडरलॉइनमधल्या त्या आईला फुटपाथ मोकळा हवा आहे आणि पडलेला माणूस जगायलाही हवा आहे. या दोन्हींसाठी लागणाऱ्या पैशाचा हिशोब तिच्या हातातल्या कागदावर असणं, हा तिचा हक्क आहे.